दोष नेमका कुठे?

2005 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. कोकणातल्या आमच्या घरी पुतण्याची मुंज होती. दोन वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवून मी मिरवत होतो. ऐन मातृभोजनाच्या वेळी पडद्यावर सगळं जांभळं दिसू लागलं, त्यात आडव्या रेघा. फोटोही तसेच निघाले. शहरात परतल्यावर दुरुस्तीवाल्याने पडदा बदलला, पैसे घेतले. जांभळा रंग काही गेला नाही.

खरं तर उत्तर माझ्या हातातच होतं. आदल्या दिवशी काढलेले आईचे फोटो त्याच पडद्यावर स्वच्छ दिसत होते. म्हणजे पडद्यात दोष नव्हता. बिघाड होता प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरमध्ये. पुढे ऑक्टोबर 2005 मध्ये अनेक कंपन्यांनी जाहीर केलं, की त्या सुमाराच्या काही सेन्सरमधली बारीक तारांची जोडणी उष्ण, दमट हवेत सुटते. तेव्हा असे कॅमेरे मोफत दुरुस्त करून मिळाले. ती सोय आता राहिलेली नाही.

अलीकडे तरुण मंडळी कपाटातले जुने डिजिटल कॅमेरे हौसेने बाहेर काढू लागली आहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच, की दुकान गाठण्याआधी घरीच क्रमाने तपासा. आधी कार्डातला एखादा जुना फोटो पडद्यावर पाहा. तो नीट दिसला, तर पडदा ठीक आहे. नवे फोटो धुरकट येत असतील, तर भिंगावर बोटाचा ठसा किंवा बुरशी असेल. ठसा मऊ, कोरड्या फडक्याने जातो. आतली बुरशी जात नाही. फोटो निळसर किंवा पिवळट आले, तर व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर आणा. रवाळ आले, तर आयएसओचा आकडा कमी करा. अर्धा फोटो राखाडी दिसला, तर दुसरं कार्ड घालून पाहा. हे सगळं करूनही जांभळं आणि रेघारेघांचंच दिसलं, तर बहुधा सेन्सर गेला असं समजा.

आई पुढच्याच वर्षी गेली. नातवाच्या मुंजीतला तिचा फोटो माझ्याकडे जांभळाच आहे. आदल्या दिवशीचा, पडवीत बसून फणस सोलतानाचा, तेवढा स्वच्छ आहे. म्हणून सांगतो, घरात कार्य असेल त्या दिवशी सकाळीच एक फोटो काढून पाहा. पाहुणे जमल्यावर नव्हे.