शिदोरी आणि दरवाजा

बंगळूर शहराच्या दक्षिण भागातील जयनगर ही वसाहत १९४८ साली आखण्यात आली. तेथील पत्ता म्हणजे एखादे गणिती सूत्रच होय. अमुक ब्लॉक, अमुक मेन, अमुक क्रॉस एवढे सांगितले की परक्या माणसालाही घर सापडते. रस्त्यांना क्रम आहे, झाडांना ओळ आहे आणि अशा ठिकाणी दोन-तीन पिढ्या काढलेल्या माणसांच्या मनात नियमाविषयी एक सहज आदर रुजलेला असतो. शहाजीराजांच्या जहागिरीपासून मराठी माणसाचा या शहराशी संबंध आहे. पुढे नोकरी-व्यवसायानिमित्त आलेली मराठी कुटुंबे तेथील कानडी जीवनात मिसळून गेली. त्यांच्या घरी दशमीच्या शेजारी चित्रान्न असते आणि दोहोंच्या जोडीला क्रिकेट असतेच असते. ज्या शहराने राहुल द्रविडसारखा मराठी घरातला फलंदाज आपला म्हणून मिरवला, तेथे ते असणारच.

अशा एखाद्या घरातील सामन्याचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. सकाळपासून डबा भरण्याची घाई चालली आहे. दशम्या, तिळाची चटणी, थोडा गूळ, नातवासाठी बिस्किटे आणि पाण्याची बाटली. मंडळी जयनगरच्या स्थानकावरून मेट्रोने मॅजेस्टिकला जातात, तेथे गाडी बदलून कब्बन पार्कला उतरतात आणि मैदानाच्या दाराशी रांगेत उभी राहतात. दाराशी आल्यावर कळते की डबा आत नेता येणार नाही. बाटली तर नाहीच नाही. नातवाची बिस्किटे एक पहारेकरी जाऊ देतो, दुसरा काढून घेतो. आजोबांना मधुमेह आहे, त्यांना वेळेवर खावे लागते, असे सांगितल्यावर तिसरा विचारात पडतो आणि चौथ्याला हाक मारतो. एवढ्यात पलीकडच्या दारातून आत गेलेला शेजारी फोन करून सांगतो, ‘आमची बाटली कोणी अडवली नाही.’ मागच्या सामन्याला हीच बाटली ह्याच दारातून आत गेली होती, हेही कोणाला तरी आठवते.

घरच्या आजोबांना एक जुनी आठवणही असते. ह्या मैदानावरचा पहिला कसोटी सामना नोव्हेंबर १९७४ मध्ये झाला. गॉर्डन ग्रीनिज आणि व्हिव्हियन रिचर्ड्स ह्या वेस्ट इंडीजच्या दोघा फलंदाजांनी त्याच सामन्यात पदार्पण केले. तेव्हा मैदान नवे होते, त्याला एम. चिन्नस्वामी यांचे नाव अद्याप मिळालेले नव्हते. डबा मांडीवर घेऊन दिवसभर खेळ पाहणे ही त्या काळच्या प्रेक्षकाची रीतच होती. मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर तर जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की अनोळखी माणसे एकमेकांच्या भाजीची चव घेत. कसोटी सामना हा पाच दिवसांचा संसार. त्यात शिदोरीला मान असणे स्वाभाविक होते.

ही आवड केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यांपूर्वी चाहते कित्येक तास आधी येऊन वाहनतळावर गाड्या उभ्या करतात, गाडीचा मागचा भाग उघडून तेथेच चुली पेटवतात आणि सहभोजन करतात. तेथेही तक्रार हीच आहे की तंबू कोठे ठोकावा, चूल किती वाजता पेटवावी, मद्य चालेल की नाही, याचे नियम प्रत्येक विद्यापीठाचे निराळे. मग पाहुण्या संघाबरोबर शेकडो मैल प्रवास करून गेलेला चाहता यजमानांच्या दारी गोंधळून उभा राहतो. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर कसोटी सामन्याला प्रेक्षकास वाइनची एक बाटली स्वतःबरोबर नेता येते. उलट, इंग्लंडमधील फुटबॉलच्या मैदानावर, जेथून खेळ दिसतो अशा जागी मद्य घेण्यास १९८५ च्या कायद्याने मनाई आहे. देश एक, प्रेक्षक बहुधा तोच, तरी नियम दोन. पण तेथे खेळ निराळा आहे, भेद का केला ते सर्वांना ठाऊक आहे आणि तो आधीच लिहून ठेवलेला आहे.

आपल्याकडील नियम कडक झाले ते विनाकारण झाले असे म्हणता येणार नाही. १ जानेवारी १९६७ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर दंगल झाली, तेव्हा क्षमतेपेक्षा अधिक तिकिटे विकली गेल्याचे दिसून आले. १९६९ साली ब्रेबर्नवर पंचांच्या एका निर्णयावरून जाळपोळ झाली. १३ मार्च १९९६ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर बाटल्यांचा वर्षाव झाला आणि भारताची अवस्था ८ बाद १२० असताना सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. फेब्रुवारी १९९९ मध्ये तेथेच पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत प्रेक्षकांना बाहेर काढून रिकाम्या मैदानावर उरलेला खेळ पूर्ण करण्यात आला. पुढे १७ एप्रिल २०१० रोजी चिन्नस्वामी मैदानाच्या बाहेर, सामना सुरू होण्याच्या सुमारास दोन स्फोट झाले. ज्या दारांवर असे प्रसंग ओढवले, तेथील पहारेकऱ्याने पिशवी उघडून पाहिली तर त्यात रागावण्यासारखे काही नाही.

प्रेक्षकाचा राग कडकपणावर नसतोच. तो विसंगतीवर असतो, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. ह्याचे बोलके उदाहरण मुंबईच्याच इतिहासात आहे. जानेवारी १९६० मध्ये ब्रेबर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळणाऱ्या अब्बास अली बेग याचे एका तरुणीने मैदानात धावत जाऊन चुंबन घेतले. त्या प्रसंगाकडे सर्वांनी कौतुकाने पाहिले आणि आजही त्याची गोष्ट हसत सांगितली जाते. त्यानंतर १५ वर्षांनी, जानेवारी १९७५ मध्ये, वानखेडे मैदानावरच्या पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉईडने द्विशतक केले, तेव्हा एक तरुण त्याचे अभिनंदन करण्यास धावला. पोलिसांनी त्याला मारहाण केली, प्रेक्षक खवळले आणि मैदानात दंगल झाली. तरुणाचे वर्तन नियमाला धरून होते असे नव्हे. परंतु जी गोष्ट काल कौतुकाची होती ती आज अपराधाची झाली, हे त्याला कोणी आधी सांगितले होते?

ही विसंगती येते कोठून? एका सामन्यावर बहुधा तीन सत्तांचा अंमल असतो. मैदान एका संस्थेचे, सामना भरवणारा दुसरा, आणि बंदोबस्त पोलिसांचा. प्रत्येकाची निषिद्ध वस्तूंची यादी वेगळी असू शकते. आंतरराष्ट्रीय सामन्याचा यजमान एक, आयपीएलच्या सामन्याचा दुसरा, त्यामुळे मैदान तेच असूनही यादी बदलते. दारावर उभा असलेला पहारेकरी पुष्कळदा एका दिवसापुरता नेमलेला असतो. त्याला यादी तोंडी सांगितलेली असते, आणि यादीत जे स्पष्ट नाही त्याचा निर्णय तो स्वतःच्या स्वभावानुसार करतो. भित्रा असेल तर सर्वच अडवतो, दयाळू असेल तर सर्वच सोडतो. नियमाची जागा अशी स्वभावाने घेतली की नागरिकाच्या हाती विनवणी किंवा वाद एवढेच उरते.

त्यात आणखी एक शंका मिसळते. बाटली सुरक्षिततेसाठी अडवली की आतल्या विक्रेत्याचे पाणी खपावे म्हणून? दोन्ही हेतू असू शकतात, पण ते एकाच शब्दात लपवले की प्रेक्षकाचा विश्वास उडतो. सिनेमागृहांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी ह्या प्रश्नाची स्वच्छ फोड केली. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू न देण्याचा अधिकार मालकास आहे. मात्र पिण्याचे पाणी विनामूल्य दिले पाहिजे आणि तान्ह्या मुलासाठी आईवडिलांना अन्न नेऊ दिले पाहिजे. तो निकाल मैदानांविषयी नाही हे खरे, परंतु त्यामागील विवेक मैदानालाही लागू पडण्यासारखा आहे. पाणी हिरावून घेणाऱ्याने पाणी द्यावे, एवढी साधी गोष्ट ती आहे.

आता कोणी म्हणेल की डब्याबाटलीच्या गाऱ्हाण्यासाठी एवढा ऊहापोह कशाला? त्याचे उत्तर ४ जून २०२५ ह्या दिवसाने दिले आहे. आदल्या रात्री बंगळूरच्या संघाने अहमदाबादला आयपीएलचे पहिले विजेतेपद मिळवले होते. दुसऱ्या दिवशी शहरात सत्कार ठरला. मिरवणूक निघणार नाही असे पोलिसांकडून सांगण्यात आले. संघाकडून मिरवणूक निघणार असे जाहीर झाले. प्रवेश सर्वांना खुला आहे की मर्यादित मोफत प्रवेशपत्रे आहेत, ह्याचाही उलगडा वेळेवर झाला नाही. सुमारे ३५ हजारांच्या मैदानाभोवती दोन ते तीन लाख लोक जमल्याचे मुख्यमंत्र्यांनी सांगितले. दारांजवळच्या चेंगराचेंगरीत ११ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक तरुण होते. पुढे न्यायमूर्ती जॉन मायकेल डी’कुन्हा यांच्या चौकशी आयोगाने हे मैदान मोठ्या समुदायाच्या कार्यक्रमांना सुरक्षित नसल्याचा निष्कर्ष काढला, आणि महिलांच्या विश्वचषकाचे बंगळूरला ठरलेले सामने नवी मुंबईला हलवण्यात आले.

डब्याचा नियम आणि तो दिवस ह्यांचा संबंध दूरचा वाटेल, पण तो तसा दूरचा नाही. ज्या प्रेक्षकाला वर्षानुवर्षे हा अनुभव आला आहे की दारावरची सूचना प्रत्येक वेळी बदलते, एका दारी नाही म्हणतात आणि दुसऱ्या दारी होय म्हणतात, तो सूचनेवर विसंबणे सोडून देतो. ‘जाऊन तर पाहू, आत सोडतीलही,’ हे त्याचे धोरण बनते. एकट्यादुकट्याने असे केले तर फार तर बाटली जाते. लाखभर माणसे एकाच वेळी ‘जाऊन तर पाहू’ म्हणून निघाली की काय होते, ते बंगळूरने पाहिले आहे.

उपाय अवघड नाहीत. तिघा सत्तांनी मिळून एकच यादी करावी. ती तिकीट विकतानाच, कानडी, इंग्रजी आणि जमल्यास आणखी एकदोन भाषांत, चित्रांसह द्यावी. आणि सामना संपेपर्यंत ती बदलू नये. प्रत्येक बंदीचे कारण एका ओळीत सांगावे. औषध, तान्ह्याचे अन्न, रुग्णाचा डबा ह्यांना स्पष्ट सूट असावी, म्हणजे पहारेकऱ्याच्या दयेवर कोणी अवलंबून राहणार नाही. आत पाणी मोफत आणि पुरेसे असावे. अडवलेली वस्तू ठेवण्यास दाराबाहेर जागा असावी. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल संघटनेने २०१३ मध्ये ठरावीक मापाच्या पारदर्शक पिशवीचा नियम सर्व मैदानांना एकसारखा लागू केला. नियम लहान नव्हता, पण तो कोठेही गेले तरी एकच होता, आणि घरून निघण्यापूर्वीच ठाऊक होता.

प्रेक्षकाच्या बाजूनेही काही देणे आहे. १९९६ च्या बाटल्या कोणा पहारेकऱ्याने फेकल्या नव्हत्या. नियम स्पष्ट झाल्यावर तो आपल्यासाठी तरी वाकवावा, असा हट्ट धरणाऱ्याला विसंगतीविषयी तक्रार करण्याचा अधिकार राहत नाही.

जयनगरच्या त्या कुटुंबाला दशम्या आत नेता आल्याच पाहिजेत, असे मुळीच नाही. नेता येणार नाहीत हे त्यांना सकाळी कळले असते, तर त्यांनी त्या घरीच खाल्ल्या असत्या आणि आजोबांची सोय निराळी केली असती. रस्त्याचा क्रमांक पाहून घर शोधण्याची ज्यांना सवय आहे, त्यांची मागणी एवढीच आहे की मैदानाच्या दारावरही असाच एखादा वाचता येण्यासारखा क्रम असावा.