बाटलीचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला आणि मी 'वाइन आणि हवा' असे उत्तर दिले, तेव्हा ते जरा दचकले. कामगारांच्या सभांत बोलणारा माणूस, आणि विषय द्राक्षाच्या मद्याचा! पेण-रोह्याकडे भात पिकते, मीठ पिकते, धाटावला रसायने होतात. द्राक्षाच्या बागा आपल्याकडे नाहीत. शिवाय आधीच सांगतो, पिण्याचा पुरस्कार करायला मी उभा नाही. दारूने धुळीला मिळालेले संसार मी चाळीचाळीत पाहिले आहेत. पण हा धंदा आपल्या राज्यात चालतो, त्यात हजारो हात राबतात, आणि आता तो 'कार्बनतटस्थ' होऊ म्हणतो. म्हणजे जेवढा कर्बवायू हवेत सोडायचा, तेवढाच काढून घ्यायचा. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. तेव्हा हा शब्द मी हिशेबाच्या वहीसारखा तपासणार आहे: जमा किती, खर्च किती, आणि बाकी कोणाच्या नावावर.

नाशिकजवळ राजीव सामंत यांनी गेल्या शतकाच्या शेवटी वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि 2000 मध्ये 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. 2001 मध्ये राज्य सरकारने या उद्योगासाठी खास धोरण आखले आणि कारखाने वाढले. आज तिथे सूर्यशक्तीवर वीज तयार होते, बागांना ठिबकने पाणी दिले जाते. परदेशात स्पेनमधील तोरेस आणि कॅलिफोर्नियातील जॅक्सन या दोन घराण्यांच्या कंपन्यांनी 2019 मध्ये पुढाकार घेऊन, आपापला धूर मोजून तो कमी करणाऱ्या वाइन कारखान्यांची संघटना काढली. ही गोष्ट चांगलीच आहे. धूर मोजायला लागणे ही सुधारणेची पहिली पायरी असते.

आता हिशेब पाहू. द्राक्षाचा रस आंबतो तेव्हा किण्व साखर खाते आणि तिचे दोन भाग करते. 180 ग्रॅम साखरेतून सुमारे 92 ग्रॅम मद्यार्क आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. एक लिटर रसातून या वायूचे सुमारे 50 लिटर बाहेर पडतात. ऐकून वाटते, केवढे हे पाप! पण तसे नाही. हा वायू वेलीने त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. उसना घेतलेला शेर परत केला, एवढेच. म्हणून धूर मोजणारे तो खर्चात धरत नाहीत.

परंतु मित्रहो, जो वायू हवेच्या वहीत शून्य धरला जातो, तो टाकीत उतरलेल्या माणसाच्या वहीत शून्य नसतो. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, हवेपेक्षा तो जड, म्हणून टाकीच्या तळाशी साचून राहतो. नेहमीच्या हवेत तो शंभरात 0.04 भाग असतो. शंभरात 10 भाग झाला की माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. अनेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात, त्याचे नाव व गाव सांगत नाही, टाकी साफ करायला उतरलेला आमचा एक सभासद तळाशी कोसळला. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही कोसळला. कमरेला बांधायचा दोर कोठारात होता आणि कोठाराची किल्ली घरी गेलेल्या साहेबांच्या खिशात होती. दुसरा वाचला, पहिला नाही. ती टाकी वाइनची नव्हती. पण बंद टाकीतला वायू आत कोणता माल आहे हे विचारून मारत नाही. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 36 व्या कलमाने अशा जागी हवा तपासल्याशिवाय माणूस उतरवायला मनाई केली होती. आता कामगार कायद्यांच्या जागी संहिता आल्या. कायद्याचे नाव बदलले, वायूचा स्वभाव बदललेला नाही.

मग खरा धूर कुठे आहे? बराचसा बाटलीत आहे. वाळू, सोडा आणि चुनखडी सुमारे 1500 अंशांच्या भट्टीत वितळवून काच होते. भट्टीला इंधन लागते, शिवाय चुनखडी आणि सोडा तापताना स्वतःही कर्बवायू सोडतात. पाऊण लिटर वाइनसाठी साधारण अर्धा किलो काच खर्ची पडते; ऐटीसाठी काही जण त्याहून पुष्कळ जड बाटली वापरतात. मग ती मालमोटारीतून गावोगाव जाते. म्हणजे छपरावर सूर्यशक्ती आणि बाटलीत भट्टीचा धूर, असा हा मामला आहे. बाटली हलकी करणे आणि तीच बाटली धुऊन पुन्हा भरणे, हे दोन उपाय सरळ आहेत. एप्रिलच्या खरड छाटणीत आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत निघणाऱ्या काड्या न जाळता बारीक करून मातीत घालाव्यात, रस काढल्यावर उरलेल्या चोथ्याचे खत करावे, हेही तितकेच सरळ आहे.

बाटली परत आणतो कोण? आपल्या बाजारपेठेत सकाळी पोते घेऊन फिरणारी बाई आणि भंगारवाला. बिअरच्या बाटल्या आपल्या देशात वर्षानुवर्षे त्यांच्याच हातांनी कारखान्यात परत जात आल्या आहेत. 'कार्बनतटस्थ' हा शब्द त्यांनी ऐकलेला नाही. पुण्यात 1993 मध्ये या कष्टकऱ्यांची संघटना उभी राहिली. तिचे नावच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत! डॉ. बाबा आढावांचे पाठबळ तिला लाभले. ओळखपत्र मिळवले, कचरा वेचणे हे काम आहे हे मान्य करून घेतले. हवा शुद्ध ठेवण्याचे श्रेय वाटायचे असेल तर पहिला वाटा या बायांचा आहे.

हे मी पेणमध्ये सांगतो आहे, कारण 'पर्यावरणपूरक' या शब्दाची किंमत आपण मोजलेली आहे. 2020 च्या मे महिन्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या गणेशमूर्तींविरुद्ध सूचना काढल्या. नद्या, खाड्या स्वच्छ राहाव्यात हा हेतू योग्यच होता. पण शाडूची मूर्ती वाळायला वेळ घेते, वजनाला जड, वाहतुकीत फुटते. हा जादा खर्च कोणी सोसायचा, हे त्या कागदावर नव्हते. तो कारखान्यात रात्र जागवणाऱ्या कारागिराच्या माथी आला. मूर्तीच्या बाबतीत झाली ती चूक बाटलीच्या बाबतीत होऊ नये.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. कोणी माल कार्बनतटस्थ असल्याचे सांगितले, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. बाटलीचा धूर हिशेबात धरला काय? टाकीत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आहे काय? बाटली परत आणणारीला दाम मिळाला काय? हेच प्रश्न धाटावच्या रसायनालाही लागू आहेत आणि कुंडलिकेच्या पाण्यालाही. हवा सर्वांची आहे, तर तिचा हिशेबही सर्वांना दिसेल असा भिंतीवर लावलेला असावा. जसा हजेरीपट असतो तसा.