अतिभार आणि अन्ननिरोध : व्यवस्थापकाचा धर्म



तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पहिले तीन सहज ओळखू येतात. शेवटचे दोन मात्र पेढीच्या दारातून नकळत आत येतात. शक्तीबाहेर काम लादणे हा अतिभार. श्रमाचा मोबदला अडवणे हाही एका अर्थी अन्ननिरोधच. सेवक आणि व्यवस्थापक यांच्यातील बहुतेक कलह याच दोन ठिकाणी उगम पावतात.

या संदर्भात १९१८ मधील अहमदाबादचा गिरणी-लढा स्मरणीय आहे. १९१७ च्या प्लेगमध्ये मजूर गाव सोडून जाऊ नयेत म्हणून मालकांनी भरघोस बोनस दिला. साथ ओसरताच तो बंद करण्याचे ठरले. महागाई मात्र ओसरली नव्हती. मजुरांनी ५० टक्के वाढ मागितली, मालक २० टक्क्यांवर अडले. मालकांचे अग्रणी अंबालाल साराभाई जैन कुटुंबातले. मजुरांच्या बाजूने त्यांच्या भगिनी अनसूयाबेन उभ्या राहिल्या. गांधीजींनी परिस्थितीचा अभ्यास करून ३५ टक्क्यांची मागणी न्याय्य ठरवली. त्यांच्या उपोषणानंतर १८ मार्च रोजी समेट झाला : पहिल्या दिवशी ३५ टक्के, दुसऱ्या दिवशी २०, आणि निवाडा होईपर्यंत साडेसत्तावीस. लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी पुढे ३५ टक्क्यांचाच निवाडा दिला.

या प्रसंगातून व्यवस्थापकाने तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली, आधी आकडे तपासावेत, मग बोलावे. दुसरी, अंतिम निर्णयास विलंब लागणार असेल तर मधल्या काळाची सोय करावी; उपाशी माणसाला थांबायला सांगणे हा न्याय नव्हे. तिसरी, जो स्वतः पक्षकार आहे त्याने निवाडा करू नये. उभयमान्य त्रयस्थ नेमावा. अनेकांतदृष्टी व्यवहारात उतरते ती अशी.

धर्मादाय संस्थांत तर अधिक सावधानता हवी. भोजनशाळेचा भांडारी रजेवर जातो, त्याचे काम ‘तात्पुरते’ मुनीमजींकडे येते, आणि वर्ष सरले तरी परत जात नाही. मुनीमजी वेतनवाढ मागतात तेव्हा ‘हे तर सेवेचे कार्य’ असे उत्तर मिळते. परंतु सेवा ही स्वेच्छेने अर्पण करावयाची वस्तू आहे. दुसऱ्याच्या पगारातून ती कापून घेता येत नाही. अपरिग्रहाचे व्रत विश्वस्ताने स्वतः घ्यावे, सेवकावर लादू नये.

म्हणून प्रत्येक सेवकाचे काम लेखी असावे. नवे काम सोपविताना जुने कोणते कमी होणार, अथवा वेतन किती वाढणार, हे त्याच दिवशी ठरावे. तक्रार आल्यास त्यास एकांतात पूर्ण ऐकावे आणि होकार असो वा नकार, ठरलेल्या तारखेस कारणासह उत्तर द्यावे.

पर्युषणात ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणताना व्यवस्थापकाने सेवकाच्या कामाची यादी आणि वेतनपत्रक एकदा समोर ठेवावे. क्षमायाचनेस तेथूनच अर्थ प्राप्त होईल.

जय जिनेंद्र.