परदेशचे विचार आणि कोंकणांतील कुळांची जमीन



परदेशांतून आपल्याकडे काय येतें असें विचारलें, तर कोणी यंत्रांचें नांव घेईल, कोणी औषधांचें. परंतु विचारही येतात. आणि बंदरावर उतरणाऱ्या मालाप्रमाणें त्यांची मोजदाद होत नसल्यानें ते केव्हां आले व कोणाच्या घरांत शिरले, हें पुष्कळदां ध्यानांत येत नाहीं. त्याचें एक उदाहरण आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे, आणि तें आपल्याच भागांतलें आहे. वेंगुर्ल्यास १९२२ सालीं जन्मलेले, आणि १९५७ पासून अखेरपर्यंत राजापूर मतदारसंघाचे लोकसभेंतील प्रतिनिधि राहिलेले बॅरिस्टर नाथ पै यांच्या एका विधेयकाची ही हकीकत. त्यांच्या नांवाचें सेवांगण आमच्या कट्ट्यास आहे. नाथ पै मोठे वक्ते होते, हें येथील शाळकरी मुलेंही सांगतात. त्यांच्या विधेयकाविषयीं मात्र थोरांनाही फारसें ठाऊक नसतें.

मूळ प्रश्न जमिनीचा. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यांत (मालवण तेव्हां त्यांतच होतें; सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा) अनेक गांवीं खोताचा अंमल होता. खोत म्हणजे वास्तविक सरकारासाठीं सारा वसूल करणारा. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीनें तो गांवचा धनी होऊन बसला. कुळानें जमीन कसावी, खंडाचें भात मोजून द्यावें आणि वर त्याच्या घरची वेठही करावी, अशी रीत पडली. १७ सप्टेंबर १९३७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती मोडण्याचें विधेयक आणलें. कायदा होण्यास १९४९ साल उजाडलें. पुढें कूळकायद्यानें १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि ठराविक किंमत भरून कसणारें कूळ जमिनीचें मालक होण्याची वाट मोकळी झाली.

आतां मालमत्तेचा हक्क हा घटनेंत मूलभूत हक्क म्हणून लिहिलेला होता. हक्कांची लेखी सनद करून तिचें रक्षण न्यायालयांकडे सोंपविण्याचा विचार मुख्यतः अमेरिकेचा. त्यानें सामान्य माणसास पुष्कळ दिलें. पण जमीनदारांच्या वकिलांच्या हातींही तीच सनद आली. म्हणून १९५१, १९५५ आणि १९६४ सालीं घटना दुरुस्त करून जमीनविषयक कायद्यांस संरक्षण द्यावें लागलें. २७ फेब्रुवारी १९६७ रोजीं, पंजाबांतील गोलकनाथ कुटुंबाच्या खटल्यांत, सर्वोच्च न्यायालयानें ११ पैकीं ६ न्यायाधीशांच्या मतानें ठरविलें कीं, मूलभूत हक्कांस कात्री लावणारी घटनादुरुस्ती यापुढें संसदेस करतां येणार नाहीं. निर्णय पुढील काळासच लागू, मागल्या दुरुस्त्या कायम, असेंही सांगितलें. हें तत्त्वदेखील अमेरिकेंतील न्यायालयांकडून घेतलेलें. कुळांस मिळालेली जमीन त्यामुळें बचावली. पुढल्या सुधारणांचें दार मात्र लागलें.

नाथ पै इंग्लंडांत बॅरिस्टर झाले होते, तेथील मजूर पक्षाच्या वातावरणांत वावरले होते, आणि १९५४ ते १९६० या काळांत समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. लोकांनीं निवडलेल्या सभेचा शब्द शेवटचा, हा तिकडचा विचार. परंतु इंग्लंडांत आपल्यासारखी एकत्र लिहिलेली घटना नाहीं. म्हणून त्यांनीं तो जसाच्या तसा उचलला नाहीं. एप्रिल १९६७ मध्यें मांडलेल्या त्यांच्या खासगी विधेयकाचें म्हणणें एवढेंच कीं, घटनेनेंच घालून दिलेल्या विशेष बहुमतानें संसदेस घटनेचें कोणतेंही कलम, मूलभूत हक्कांचें देखील, बदलतां यावें. विरोधी बाकावरच्या सभासदानें सरकारच्या हातीं असें साधन द्यावें, याचें आज आश्चर्य वाटेल. माझ्या समजुतीप्रमाणें त्यांच्या डोळ्यांपुढें सरकार नव्हतें, कूळ होतें.

याच सुमारास जर्मनींतून निराळाच विचार आला होता. १९३३ सालीं तेथील लोकसभेनें दोनतृतीयांश मतांनींच कायदे करण्याचा अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळास देऊन टाकला, आणि आपलें मरण आपणच मंजूर केलें. त्या अनुभवानें शहाणें होऊन १९४९ च्या जर्मन घटनेंत, कांहीं तत्त्वें कोणत्याही बहुमतास बदलतां येणार नाहींत, असें लिहिलें गेलें. डीट्रिख कॉनराड या जर्मन पंडितानें फेब्रुवारी १९६५ मध्यें बनारसच्या हिंदु विश्वविद्यालयांत व्याख्यान देऊन, भारतांतही असें बंधन गृहीत धरावयास नको काय, हा प्रश्न उभा केला. गोलकनाथ खटल्यांत वकिलांनीं तो न्यायालयापुढें नेला.

मी शाळामास्तर, कायद्याचा पंडित नव्हे. पण मला नाथ पैंचें म्हणणें जमिनीपुरतें पटतें आणि कॉनराडचें त्यापलीकडे. देशानेंही जवळजवळ तेंच केलें. १८ जानेवारी १९७१ रोजीं नाथ पै वारले, तेव्हां विधेयक मंजूर झालेलें नव्हतें. त्याच वर्षीं २४ व्या दुरुस्तीनें संसदेनें तो अधिकार घटनेंत लिहून घेतला. २४ एप्रिल १९७३ रोजीं केशवानंद भारती खटल्यांत (तोही केरळांतील एका मठाच्या जमिनीवरूनच उभा राहिलेला) न्यायालयानें ती दुरुस्ती मान्य केली. मात्र ७ विरुद्ध ६ मतांनीं, घटनेचा मूळ सांगाडा मोडतां येणार नाहीं, ही अट घातली. आणीबाणींत, १९७६ सालीं, ४२ व्या दुरुस्तीनें संसदेचा अधिकार अमर्याद करण्याचा यत्न झाला. तो १९८० सालीं याच अटीवर अडला. नाथ पै असते, तर आणीबाणीनंतर त्यांनीं आपल्या विधेयकास कोणती पुरवणी जोडली असती, असें मनांत येतें.

आणि कुळाचें काय? १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनें मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढण्यांत आला. सरकार जनता पक्षाचें होतें, आणि नाथ पैंच्या पश्चात राजापुरांतून निवडून आलेले मधु दंडवते त्यांत रेल्वेमंत्री होते. जमीनदाराची ढाल गेली खरी. परंतु कालचें कूळ आज स्वतःच मालक झालें होतें. ढाल त्याचीही गेली. कायद्यावांचून कोणाची मालमत्ता घेतां येणार नाहीं, एवढें आतां ३०० अ कलम सांगतें. मोबदला किती आणि संमति कोणाची, हें कायदा ठरवितो. सार्वजनिक कामासाठीं जमीन २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालीं घेतली जात असेल, तर प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवसांत लेखी हरकत घेतां येते. ज्यांच्या हातीं तशी नोटीस पडली असेल, त्यांनीं ती कपाटांत न ठेवतां वाचून घ्यावी, आणि हरकतीची पोंच मागून घ्यावी.