‘स्टॉप’ म्हणायची तालीम

मी मूळचा सावद्याचा. आमच्या केळीच्या मुलखातून समुद्र फार लांब. त्यामुळे जहाजावर तेल सांडले तर काय करायचे, हे मी खलाशांना शिकवतो असे सांगितले की गावातले आप्पा विचारतात, "एवढ्या समुद्रात बादलीभर तेल पडलं तर काय बिघडतं रे भाऊ?"

मी त्यांना मळ्यातल्या विहिरीची आठवण देतो. डिझेल इंजिनातले वाटीभर तेल विहिरीत पडले, की साऱ्या पाण्यावर रंगीत तवंग पसरायचा. बंदरातही तेच होते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’तून सुमारे ८०० टन तेल सांडल्याचा अंदाज होता. किनाऱ्यावरची खारफुटी काळी पडली. कोळ्यांची मासेमारी थांबली.

अशी टक्कर क्वचित होते. नेहमीची धास्ती असते ती जहाजात इंधन भरताना. ‘मार्पोल’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार ४०० किंवा त्याहून अधिक ग्रॉस टनेजच्या जहाजावर, आणि तेलवाहू जहाज असेल तर १५० पासूनच, ‘सोपेप’ नावाची आपत्कालीन योजना ठेवावीच लागते. तेल सांडल्यास कोणी काय करायचे, बंदरात कोणाला कळवायचे, हे तीत लिहिलेले असते. भारताच्या समुद्रात अशा वेळी तटरक्षक दल समन्वय करते. जहाजावर त्यासाठी सामानही तयार असते : लाकडाचा भुसा, तेल शोषणाऱ्या गाद्या, फावडी, बादल्या, हवेवर चालणारा पंप.

पण फाइल आणि भुसा असून भागत नाही. माझीच गोष्ट सांगतो.

मी नवशिका होतो. रात्री इंधन भरणे चालू होते. टाकीत टेप सोडून तेलाची पातळी मोजायचे काम माझ्याकडे होते. एकदा माप घेतले तर पातळी अपेक्षेपेक्षा खूपच वर. मला वाटले, आपलेच चुकले असेल. वरिष्ठांसमोर हसे नको, म्हणून टेप पुसून मी पुन्हा मोजू लागलो. तेवढ्यात टाकीच्या हवेच्या पाइपातून काळे, दाट तेल उसळून डेकवर आले.

डेकच्या कडेला पाणी जाण्यासाठी भोके असतात. इंधन भरण्यापूर्वी ती बुचे लावून घट्ट बंद करतात, घरी मोरीच्या तोंडाला बोळा लावतात तशी. त्या रात्री एक बूच सैल राहिले होते. पंप थांबेपर्यंत तेल त्यातून खाली गेले. सकाळी शेजारच्या मच्छीमार होड्यांच्या अंगाला काळा पट्टा दिसला. एक म्हातारा कोळी चिंधीने आपली होडी पुसत होता. त्याने वर पाहिले, बोलला काहीच नाही. मला मात्र मान वर करवेना.

म्हणून आज तालीम घेताना मी फाइल नंतर उघडतो. आधी प्रत्येक बूच हाताने दाबून पाहायला लावतो. मग सर्वांत नव्या पोराला टाकीपाशी उभे करतो आणि सांगतो : शंका आली की पुन्हा मोजत बसू नकोस, आधी ‘स्टॉप’ ओरड. माप नंतर घेऊ. तुझे चुकले तर दहा मिनिटे वाया जातील, तुला कोणी रागावणार नाही. हे मी कॅप्टन व चीफ इंजिनिअरच्या देखत सांगतो, कारण ते त्यांनीही ऐकायला हवे.

पहिल्यांदा बहुतेक पोरे पुटपुटतात. मी म्हणतो, ऐकू आले नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आवाज चढतो. पंपाशी उभ्या असलेल्या माणसाचा हात तो ऐकून आपोआप बटणाकडे गेला, की मी त्या दिवशीची तालीम संपवतो.