गोदाकाठचा मतदारसंघ : गंगाखेड



आपल्या गावाचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे वक्ता प्रथम संत जनाबाईंकडे वळतो, आणि ते योग्यच आहे. मी मात्र आज इतिहासाच्या एका रूक्ष वाटणाऱ्या शाखेकडे आपले लक्ष वेधणार आहे. गंगाखेड हा विधानसभेचा मतदारसंघ कसा घडला, त्याच्या सीमा कशा बदलत गेल्या आणि येथल्या माणसाच्या हाती मत केव्हा आले, हा आजचा विषय आहे. जनाबाई त्यातही येतीलच. त्यांना वगळून गंगाखेडविषयी बोलणे कठीण आहे.

१९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे विधिमंडळाची कल्पनाच नव्हती असे नाही. १९३९ च्या सुधारणांनी एक सभागृह योजिले होते. परंतु त्यातील प्रतिनिधित्वाचा पाया गाव किंवा तालुका हा नसून व्यवसाय व हितसंबंध हा होता, आणि सर्व प्रौढांना मताचा अधिकार त्यात नव्हता. स्टेट काँग्रेसने त्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि अवघ्या साडेतीन वर्षांच्या आत, १९५२ च्या आरंभी, येथील एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुष मतदानास पात्र झाला. कालचा रयत आज मतदार झाला. हैदराबाद राज्याच्या विधानसभेत तेव्हा १७५ जागा होत्या, आणि आपला आमदार हैदराबादला जाऊन बसत असे.

त्या पहिल्या निवडणुकीची पद्धत आजच्या तरुणांस नवलाची वाटेल. मतपत्रिकेवर शिक्का मारावयाचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह, आणि मतदाराने पडद्याआड जाऊन आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकावयाचा. अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही आपले मत गुप्तपणे देता यावे, यासाठी ही योजना होती. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतपत्रिकेवर खूण करण्याची रीत सर्वत्र रूढ झाली.

त्याच निवडणुकीच्या याद्या तयार होत असताना देशात एक विलक्षण अडचण उद्भवली. असंख्य स्त्रियांनी आपले नावच सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच ओळख त्यांनी दिली. अशी नोंद ग्राह्य धरावयाची नाही, असा निर्णय निवडणूक आयोगाने घेतला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली. यांतील बहुतेक उत्तरेकडील राज्यांतील होत्या, हे मान्य. तरीही गंगाखेडात उभे राहून ही हकीकत सांगताना मन थबकते. याच गावी जन्मलेल्या, दुसऱ्याच्या घरी दासी म्हणून राबलेल्या एका स्त्रीने सहाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी आपल्या अभंगांत स्वतःचे ‘जनी’ हे नाव घातले होते.

आता सीमांकडे येऊ. तालुका आणि मतदारसंघ यांची गल्लत आपल्याकडे सर्रास होते. शिकलेली माणसेही करतात. तालुका महसुलाच्या सोयीसाठी असतो, मतदारसंघ लोकसंख्येच्या हिशेबाने आखला जातो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. नव्या राज्याच्या विधानसभेत प्रथम २६४ जागा होत्या, १९६७ मध्ये २७० झाल्या आणि १९७८ पासून २८८ आहेत. प्रत्येक पुनर्रचनेत कुठले ना कुठले गाव जुन्या शेजाऱ्यांपासून तुटते आणि नव्यांशी जोडले जाते. २००८ साली अमलात आलेल्या पुनर्रचनेनंतर गंगाखेड, पालम व पूर्णा हे तालुके मिळून हा ९७ क्रमांकाचा मतदारसंघ बनला. गोदावरी त्याच्या मधून वाहते. दक्षिणेस बालाघाटच्या डोंगराळ बाजूचा शेतकरी आणि उत्तरेस पूर्णा जंक्शनचा रेल्वे कामगार, दोघांचा आमदार एकच. परभणी लोकसभा मतदारसंघाचा तो एक भाग आहे.

याच पुनर्रचनेने आणखी एक मोठा बदल केला. तोपर्यंत गंगाखेडची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती. ती आता सर्वसाधारण झाली. राखीव जागेच्या काळात शेतकरी कामगार पक्षाचे ज्ञानोबा हरी गायकवाड यांना येथील मतदारांनी वारंवार निवडून दिले. पुढे सीताराम घनदाट अपक्ष म्हणून विजयी झाले, आणि २००९ साली, जागा सर्वसाधारण झाल्यावरही, अपक्ष म्हणूनच पुन्हा निवडून आले. २०१४ साली राष्ट्रवादी काँग्रेसचे मधुसूदन केंद्रे, २०१९ व २०२४ साली राष्ट्रीय समाज पक्षाचे रत्नाकर गुट्टे. ही नावे ओळीने वाचली तर एक गोष्ट जाणवते : राज्यात वारे कोणत्याही दिशेचे असो, गंगाखेडचा मतदार आपला कौल स्वतंत्रपणे देत आला आहे. त्याला कोणी लहरी म्हणतात. मला तो चोखंदळ वाटतो.

१९७८ पासूनच्या या यादीत एकाही स्त्रीचे नाव नाही. लोकसभा व विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणारी १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ साली संमत झाली, तेव्हा तिची अंमलबजावणी जनगणना आणि तीनंतरच्या पुनर्रचनेशी जोडण्यात आली. पुनर्रचना आयोग सीमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करतो, त्यावर हरकती व सूचना मागवितो आणि जाहीर बैठकांत लोकांचे म्हणणे ऐकतो. २००८ च्या आदेशापूर्वीही हे सर्व झाले होते. अशा मसुद्यात आपले गाव कोणत्या रकान्यात पडले आहे, हे पाहण्याचा आणि त्यावर लेखी म्हणणे मांडण्याचा अधिकार सरपंचाइतकाच यादीत नाव असलेल्या कोणत्याही स्त्रीला आहे.