दावा अडला, तर राग कागदावर उतरवा

(महाराजपूर, जबलपूर येथे खातेदारांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज विम्याबद्दल बोलायचं आहे. कोणता विमा घ्यावा हे मी सांगणार नाही. ते सांगणारे पुष्कळ भेटतात. विमा घेतला, हप्ते भरले आणि पैसे मिळायची वेळ आली तेव्हा कंपनी ‘हा कागद आणा, तो कागद आणा’ म्हणत फिरवते, त्याबद्दल बोलू या. घरातला कमावता माणूस गेलेला असतो, तेराव्याचा खर्च अंगावर असतो, मुलांची फी थकलेली असते आणि हातात कंपनीचं दोन ओळींचं पत्र असतं. मग माणूस बँकेत येतो आणि काउंटरवर भडकतो. तो राग खरा आहे. पण काउंटरवर काढलेल्या रागाची नोंद कुठेच होत नाही. लेखी तक्रारीची होते, आणि ती नोंद झाली की कंपनीचे दिवस मोजले जायला लागतात. मला आज एवढंच पटवून द्यायचं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. बँकेतून घेतलेला विमा बँकेचा नसतो. बँक मध्यस्थ असते, दावा मंजूर करणारी विमा कंपनी वेगळी असते. म्हणून तक्रारीही दोन प्रकारच्या होतात. तुम्हाला न विचारता खात्यातून हप्ता कापला, किंवा मुदत ठेव म्हणून विम्याची पॉलिसी गळ्यात मारली, तर तक्रार बँकेकडे करायची. बँकेने ३० दिवसांत समाधान केलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. दाव्याचे पैसे अडले असतील, तर तक्रार विमा कंपनीकडे करायची. चुकीच्या दारात सहा महिने उभं राहिलात तर ते सहा महिने वाया जातात. म्हणून घरातल्या प्रत्येक पॉलिसीवर कंपनीचं नाव काय आहे, ते आज घरी गेल्यावर बघा.

आता आपल्या पासबुकात ज्या दोन कपाती दिसतात, त्यांच्याकडे वळू. ९ मे २०१५ रोजी सुरू झालेल्या या दोन योजना आहेत. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपये कापले जातात आणि कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी वारसाला २ लाख रुपये मिळतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये कापले जातात. तिथे मृत्यू किंवा अपंगत्व अपघाताने आलेलं असावं लागतं. पहिलीत १८ ते ५० वयापर्यंत नाव नोंदवता येतं, दुसरीत १८ ते ७० पर्यंत. दोन्हींचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मे रोजी संपतं.

इथेच पहिली मेख आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हप्ता आपोआप कापला जातो. त्याच सुमारास घरात लग्नकार्य असतं, शाळेची पुस्तकं घ्यायची असतात, आणि खात्यात शंभर रुपये उरतात. हप्ता कापला जात नाही, विमा थांबतो. जुलैत लक्षात येतं आणि माणूस पुन्हा नाव नोंदवतो. जीवन ज्योती योजनेत मात्र नव्याने नाव नोंदवल्यापासून पहिल्या ३० दिवसांत अपघाताशिवाय मृत्यू झाला, तर पैसे मिळत नाहीत. सलग सात वर्षं हप्ता भरलेला असला तरी मध्ये खंड पडला की हे ३० दिवस पुन्हा लागू होतात. म्हणून २० मेपासून दोन्ही हप्ते मिळून ४५६ रुपये खात्यात बाजूला ठेवा, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून घेऊन कपात झाली का ते बघा.

दुसरी मेख दोन खात्यांची. काही जणांची दोन बँकांत खाती आहेत आणि दोन्हींतून हप्ता जातो. त्यांना वाटतं, ४ लाख मिळतील. एका माणसाला एकाच खात्यातून विमा मिळतो. दुसरा हप्ता फुकट जातो.

तिसरी मेख अपघाताच्या पुराव्याची. रस्त्यावरचा किंवा रेल्वेचा अपघात असेल, कुणी बुडालं असेल, तर पोलिसांत नोंद हवी. साप चावला किंवा झाडावरून पडून मृत्यू झाला, तर लगेच नेलेल्या रुग्णालयाचे कागद चालतात. आपल्याकडे साप चावला की आधी झाडफुंक करणाऱ्याकडे नेतात. जीव वाचवण्यासाठी तर रुग्णालयातच न्यायला हवं. शिवाय तिथे कुठलाच कागद तयार झाला नाही, तर मागे राहिलेल्यांचा दावाही अडतो.

आता आपल्या मराठी घरांतली एक खास अडचण. समजा, माहेरची कुसुम लग्नानंतर सासरी सुनंदा झाली. शाळेच्या दाखल्यावर कुसुम आणि वडिलांचं नाव. आधारवर सुनंदा, नवऱ्याचं नाव आणि आडनाव. इथल्या कुणी फॉर्म भरताना हिंदी पद्धतीने लिहिलं ‘सुनंदा बाई’. नवऱ्याच्या पॉलिसीत नॉमिनी म्हणून घातलं नुसतं ‘सुनंदा’. आपल्याला ठाऊक असतं की ही एकच बाई आहे. दूरच्या शहरात बसून फाईल बघणाऱ्या माणसाला मात्र तीन बायका दिसतात. तो फाईल बाजूला ठेवतो, आणि आपल्याला वाटतं की कंपनी मुद्दाम छळते आहे.

यावर उपाय आहे. लग्नाचं प्रमाणपत्र किंवा ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं शपथपत्र कंपनी मागू शकते, ते द्यावं. पण दुःखाच्या दिवसांत वकिलाकडे आणि नोटरीकडे खेटे घालण्यापेक्षा माणूस हयात असतानाच नाव एकसारखं करून घेणं सोपं. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीत आई नॉमिनी असते आणि नंतर ती बदलायची राहून जाते. कधी नॉमिनीच वारलेला असतो. नॉमिनी बदलायला एक साधा फॉर्म पुरतो.

आता पॉलिसीच्या अर्जाबद्दल. नाकारलेल्या दाव्यांच्या पत्रात एक वाक्य वारंवार दिसतं: ‘आजाराची माहिती लपवली.’ होतं असं की एजंट अर्ज भरतो, आजारांच्या सगळ्या रकान्यांत ‘नाही’ लिहितो आणि आपण सही करतो. साखर आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, हे तोंडी सांगितलेलं असतं, पण कागदावर येत नाही. सही आपली असते, म्हणून उत्तरही आपलंच धरलं जातं. तेव्हा भरलेला अर्ज वाचा, आणि पॉलिसी हातात आली की तिच्यासोबतची अर्जाची प्रतही वाचा. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत, पटली नाही तर ती परत करता येते. चूक आढळली तर त्याच दिवसांत लेखी दुरुस्त करून घ्या.

कायदाही तुमच्या बाजूने काही बोलतो. विमा कायदा, १९३८ चं कलम ४५ सांगतं की जीवन विम्याची पॉलिसी ३ वर्षं पूर्ण झाली की माहिती लपवल्याच्या कारणाने तिच्यावर बोट ठेवता येत नाही. वयाचा पुरावा मात्र कंपनी केव्हाही मागू शकते. आणि बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली, तर ही ३ वर्षं तिथून नव्याने मोजली जातात. हप्ता चुकवण्याचा हा न दिसणारा तोटा आहे. आरोग्य विम्यात अशीच मर्यादा सलग ६० महिन्यांची आहे. त्यानंतर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला जुन्या आजाराचं कारण काढता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. दावा अडला, तर काय करायचं?

पहिली पायरी: जे द्याल त्याची पोच घ्या. दाव्याचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, जे काही बँकेत किंवा कंपनीत द्याल, त्याच्या झेरॉक्सवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. पोच मागण्यात संकोच नको. आम्ही बँकवाले पोच देण्यासाठीच बसलेलो आहोत. जीवन विम्याच्या मृत्यूच्या दाव्यात चौकशीची गरज नसेल तर १५ दिवसांत आणि चौकशी करायची असेल तर ४५ दिवसांत निकाल द्यावा, असं विमा नियामक इर्डाईने २०२४ मध्ये ठरवून दिलं आहे. उशीर झाला तर कंपनीने बँक दरापेक्षा २ टक्के जास्त व्याज द्यायचं असतं. पण दिवस मोजायचे तर पहिल्या दिवसाची तारीख तुमच्याकडे हवी.

दुसरी पायरी: कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहा. हिंदीत लिहिलं तरी चालतं. पॉलिसी क्रमांक, घटनेची तारीख, कागद दिल्याची तारीख आणि तुमची मागणी, एवढं पुरे. दावा नाकारला असेल तर एक वाक्य जरूर घाला: ‘पॉलिसीच्या कोणत्या अटीनुसार दावा नाकारला, ती अट क्रमांकासह लेखी कळवावी.’ या एका वाक्यामुळे मोघम उत्तर देणं अवघड होतं. शिव्याशाप लिहू नका. त्यामुळे मुद्दा झाकला जातो. दावा उशिरा कळवला म्हणून नाकारला असेल, तर इर्डाईच्या २०११ च्या परिपत्रकाचा उल्लेख करा. खरा दावा निव्वळ उशिराच्या कारणावरून नाकारू नये, असं त्यात कंपन्यांना सांगितलेलं आहे. सुरक्षा विमा योजनेत मात्र ३० दिवसांत कळवण्याची सवय ठेवलेली बरी.

तिसरी पायरी: इर्डाईचं ‘बिमा भरोसा’. फोन क्रमांक १५५२५५, पैसे लागत नाहीत. तक्रार नोंदली की क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा.

चौथी पायरी: विमा लोकपाल. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडसाठी त्यांचं कार्यालय भोपाळला आहे. कंपनीला लेखी तक्रार करून महिना झाला आणि उत्तर नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, की इथे जाता येतं. मात्र उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही, तक्रार ऑनलाइन करता येते. ५० लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा त्यांना अधिकार आहे, आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो मान्य नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा राहतो. पण आधीच ग्राहक आयोगात प्रकरण चालू असेल, तर लोकपाल ते घेत नाहीत. म्हणून क्रम सांभाळा.

तुम्ही म्हणाल, एकट्या माणसाचं कंपनी काय ऐकणार? एक उदाहरण देतो. महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजना होती. हप्ता सरकार भरायचं, दावे विमा कंपन्या बघायच्या. दावे वेळेत मंजूर होत नाहीत, अनावश्यक त्रुटी काढून नाकारले जातात, अशा तक्रारी साचत गेल्या. शेवटी २०२३ मध्ये राज्य सरकारने विमा कंपन्यांना बाजूला केलं आणि मृत शेतकऱ्याच्या वारसाला २ लाख रुपये स्वतःच द्यायला सुरुवात केली. एकेकट्या घरांच्या तक्रारी नोंदल्या गेल्या, म्हणून सरकारला त्या दिसल्या. तुमचे नातेवाईक विदर्भात किंवा आणखी कुठे शेती करत असतील, तर त्यांनाही सांगा: आता अर्ज कृषी विभागाकडे करायचा असतो.

प्रत्येक वेळी कंपनीच चूक असते, असंही नाही. हप्ता थांबलेला असेल, वय बसत नसेल, हृदयविकाराने गेलेल्या माणसाचा दावा अपघात विम्यात केला असेल, तर वर्षभर भांडूनही पैसे मिळणार नाहीत. अशा वेळी अट लेखी मागवली तरी फायदाच होतो: आशा कुठे ठेवायची आणि कुठे सोडायची, ते लवकर कळतं.

या आठवड्यात तीन कामं करा. घरातल्या सगळ्या पॉलिसी, पासबुकं आणि आधार एका पिशवीत ठेवा. एका कागदावर कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक आणि नॉमिनी लिहा. आणि ती पिशवी कुठे आहे, हे बायकोला, नवऱ्याला किंवा मोठ्या मुलाला सांगा. विमा आहे हे घरच्यांना ठाऊकच नसल्याने कितीतरी दावे कंपनीपर्यंत पोचत नाहीत, आणि त्यासाठी कुणावर रागावताही येत नाही.

नाव जुळत नसेल, कपात झाली का ते कळत नसेल, पत्र कसं लिहायचं ते सुचत नसेल, तर शाखेत या. येताना कागद घेऊन या.